रेंद्यावरचा राउंड

पहिल्याच दिवशी सिस्टरांनी माझी नखं तपासली. सकाळचे सहा वाजले होते, थंडी मी म्हणत होती आणि मी अंगणात हात पुढे करून शाळेतल्या मुलीसारखी उभी होते.

"सेंट लावलायस?"

"नाही."

"बांगड्या वर सार. वाजत्यात. आणि हे चपलांचं लाड बंद. हे गमबूट घाल."

गमबूट पांढरे होते आणि माझ्या पायाला दोन बोटं मोठे होते. त्यांनी पुढच्या टोकात कापूस कोंबून दिला. पुढची बारा वर्षं मी त्याच कापसावर चालले.

सिस्टर आमच्या घरमालकीण. सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. त्यांचं खरं नाव घराच्या पाटीवर होतं, पण पोस्टमनसुद्धा "सिस्टर, पत्र!" अशीच हाक मारायचा. माझ्या नवऱ्याला फाउंड्रीत नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याहून कोल्हापुरात आलो आणि रंकाळ्याच्या पलीकडे, जिथे उसाची शेतं संपून नव्या कॉलन्या सुरू होत होत्या, तिथे त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत राहायला लागलो. ही शहाण्णव सालची गोष्ट.

साताऱ्यात असताना सातव्या महिन्यात माझी मुलगी पोटातच गेली होती. कोल्हापुरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि मला ते तसंच राहायला हवं होतं. मी दिवसभर खिडकीशी बसायची. भाजी शेगडीवर ठेवायची आणि गॅस पेटवायचा विसरायची. महिनाभर सिस्टरांनी हे खालून पाहिलं. मग एका शनिवारी जिना चढून आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या राउंडला यायचं. सकाळी सहाला. मी खाली वाट बघतो."

कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" असं बोलतात, हे मला तेव्हा नवीन होतं. सिस्टरांच्या तोंडी ते इतकं शोभायचं की त्या कधी "येते" म्हणाल्या असत्या तर मीच दचकले असते.

राउंड म्हणजे काय, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. कॉलनीच्या मागे एक मोठी पाणथळ होती. लोक तिला नुसतं "रेंदा" म्हणायचे. रेंदा म्हणजे काळा, चिकट चिखल. उंच लव्हाळी, मध्ये मध्ये उघडं पाणी, कडेला जलपर्णीचं केंदाळ माजलेलं. लोक तिथे मोडके माठ, जुनी गादी, गणपतीची मखरं असं काहीबाही टाकायचे आणि नाक मुरडून परत यायचे. सिस्टर दर रविवारी तिथे माणसं घेऊन जायच्या. कधी पाच, कधी पंधरा. वॉर्डात मोठे डॉक्टर सकाळी एकेका खाटेपाशी थांबत जातात, तसंच हे चालायचं. फक्त खाटांच्या जागी घरटी आणि बाळंतिणींच्या जागी पाणकोंबड्या.

"हे लेबर वॉर्ड हाय," लव्हाळीच्या दाट भागाशी आल्यावर त्या सगळ्यांना बजावायच्या. "हितनं पुढं बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यागत चालायचं. बघायचं, हात लावायचा न्हाय."

हे त्या कुजबुजून सांगायच्या. पण चौतीस वर्षं "जोर लाव, जोर लाव" म्हणून ओरडलेला तो गळा. त्यांची कुजबुज ऐकून पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे. गुळाचे एक व्यापारी राउंडला नेमाने यायचे. सीमेकडच्या गावचे, घरी कानडी बोलणारे, कपाळावर भस्माचे पट्टे. ते हात जोडून म्हणायचे, "साकु अक्का, साकु! पुरे. पाखरं घाबरत्यात." जगात सिस्टरांना गप्प करू शकणारा तो एकच माणूस, आणि तोही जेमतेम मिनिटभर.

दुसरे नेमाचे म्हणजे ड्रॉइंगचे एक निवृत्त मास्तर. ते चित्रं काढायला यायचे आणि प्रत्येक गोष्टीतून बोध काढायचे. चित्रं चांगली असायची.

नव्या माणसाने "हा कुठला पक्षी?" असं विचारलं की सिस्टर नाव सांगायच्या नाहीत. "नाव कशाला पायजे? तो काय करतोय ते सांग आधी. नाव कळलं की माणूस बघायचं सोडतंय." मग त्या बिचाऱ्याने पंधरा मिनिटं उभं राहून सांगायचं. शेपटी वरखाली करतोय. पानावरून पानावर चालतोय. बोटं फार लांब आहेत. तेवढं झालं की त्या खूश होऊन सांगायच्या, "कमळपक्षी. आता जन्मात इसरणार न्हाईस." खरंच विसरलं जायचं नाही. शेवटी थर्मासमधला आल्याचा चहा आणि माणशी एक बिस्किट. एकदा एका तरुण जोडप्याने, राउंड संपल्यावर मिसळ कुठे खायची, असं विचारलं. "मिसळ खायला आला असशीला तर आत्ताच जावा. ती काय उडून जाणार न्हाय, पर थंडच हुईल," असं म्हणून त्यांनी त्या दोघांना खरंच वाटेला लावलं.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. वॉर्डात जन्माची नोंद करतात तशा त्यात उभ्या रेघा आखलेल्या. कोण, कुठे, अंडी किती, पिल्लं किती आणि शेवटी शेरा. "जांभळी पाणकोंबडी, मोठ्या लव्हाळीत, पाच पिल्लं, आई-बाळं सुखरूप." अक्षर मोत्यासारखं.

एवढं सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. आम्ही बांधावर बसलो होतो. त्यांनी समोरच्या काठाकडे बोट केलं. "तितं आमची वस्ती हुती. माजी आई ह्यातली लव्हाळी कापून गुरांना घालायला इकायची. गावच्या हिरीवर आमाला पाय ठेवू देत नव्हते. ह्या पाण्याचा एक झरा हाय, आत. त्यो पिऊन वाढलो आमी. पुढं मी वीस वर्साची असताना आमचं घर बौद्ध झालं, मी नर्स झालो, वस्ती उठली, सगळं बदललं." मग पाण्याकडे मान करून म्हणाल्या, "म्हातारी आजारी असली की लेकीनं आठवड्याला येऊन बघून जायचं असतंय. त्यात इचारायचं काय?"

त्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट आहे. टिबुकली म्हणून एक छोटा, बदकासारखा पक्षी असतो. पाण्यावर शेवाळ आणि पाला रचून तरंगतं घरटं करतो आणि बाहेर जाताना अंड्यांवर पाला पांघरून जातो. आम्ही एका टिबुकलीवर तीन रविवार लक्ष ठेवून होतो. चौथ्या रविवारी गेलो तर आदल्या दोन दिवसांच्या पावसाने पाणी हातभर चढलेलं, घरटं उलटंपालटं झालेलं आणि चारही अंडी गेलेली. टिबुकली तिथेच होती. चोचीत शेवाळाचा तुकडा घेऊन ती त्याच जागी फिरत होती.

मास्तरांनी चित्रांची वही मिटली. ते म्हणाले, "बघा, निसर्ग किती मोठा शिक्षक आहे. सगळं गेलं तरी ती पुन्हा बांधायला लागली. माणसानेही असंच..."

"मास्तर, गप बसा," सिस्टर म्हणाल्या. या वेळी त्या खरोखर हळू बोलल्या. "तिची अंडी गेल्यात. आधी गेली म्हणू द्या तिला. बांधायचं का न्हाय ते ती बघंल."

मी रडायला लागले. ऐन चिखलात, पांढऱ्या गमबुटांत, सहा-सात माणसांसमोर. गेल्या दीड वर्षात मला प्रत्येकाने सांगितलं होतं की तू लहान आहेस, पुन्हा होईल. आईने सांगितलं, सासूने सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. गेली, एवढंच कुणी म्हटलं नव्हतं.

सिस्टरांनी बाकीच्यांना गुळाच्या व्यापाऱ्यांबरोबर पुढे पाठवलं. मला जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. शेजारी उभ्या राहिल्या. रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "कितवा म्हैना हुता?"

यांना कसं कळलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. "सातवा," मी म्हणाले.

"मुलगी का मुलगा?"

"मुलगी."

"नाव काय ठरवलं हुतंस?"

हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. नाव आम्ही ठरवलं होतं. फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला ते माहीत होतं आणि त्या दिवसापासून आम्हीही ते एकमेकांसमोर उच्चारलं नव्हतं. मी म्हणाले, "रेवती."

त्यांनी पिशवीतून वही काढली. आधी लिहिलं, "टिबुकली, उघडं पाणी, चार अंडी, पुरात गेली." त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं, "रेवती." पुढच्या सगळ्या रकान्यांतून एक सरळ रेघ ओढली, शेऱ्याची जागा मोकळी ठेवली आणि वही मिटली. "चल. चहा गार हुतोय."

त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला हे सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. मग ताट बाजूला सारून तो कितीतरी वेळ तिच्याबद्दल बोलत राहिला. मला वाटत होतं तो विसरून गेलाय. तो काहीच विसरला नव्हता. पुढच्या रविवारी तोही राउंडला आला. नखांत फाउंड्रीची काजळी होती म्हणून त्याला अंगणातूनच हात धुवायला परत पाठवलं गेलं.

नव्याण्णव सालच्या मे महिन्यात रेंद्यावर डंपर आले. पाणथळ बुजवून तिथे बाग करायचं कुठल्याशा कचेरीत ठरलं होतं. हिरवळ, कारंजं, बाकडी. कॉलनीतल्या बहुतेकांना आनंद झाला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नव्हतं. डासांनी सगळेच हैराण होते. पूर्वेच्या कडेला पाडलेल्या घरांची खडी-विटा ओतायला सुरुवात झाली आणि नेमकी त्याच वाटेवर, खडीतच, एका टिटवीने चार अंडी घातली होती.

सिस्टरांनी निवेदन लिहिलं नाही की मोर्चा काढला नाही. त्यांच्याकडे दवाखान्यातला एक जुना घडीचा पडदा होता, लोखंडी पायांचा, हिरव्या कापडाचा. वॉर्डात खाटेभोवती लावतात तो. तो त्यांनी घरट्यापासून वीस पावलांवर, डंपरच्या वाटेवर उभा केला. टिटवीला भीती वाटू नये म्हणून त्याहून जवळ नाही. पडद्याला पाटी अडकवली: "प्रसूती चालू आहे. शांतता पाळा." आणि स्वतः इस्त्री केलेला पांढरा युनिफॉर्म घालून स्टुलावर बसल्या.

पहिल्या डंपरच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"हॉर्न बंद कर!"

"ओ आजी, बाजूला व्हा की! चार अंड्यांसाठी गाडी थांबवायची व्हय?"

"तुजी आई कुटल्या दवाखान्यात बाळंत झाली?"

"सरकारी. का?"

"मग माज्या हातावर आलायस. त्या टायमाला तुजा बाप दाराभायेर असाच बोंबलत हुता. किती वेळ, आजून किती वेळ! त्याला जे सांगितलं तेच तुला सांगतो. लागतोय तेवढा वेळ लागणार."

त्यांना तो माणूस खरंच आठवत होता की त्यांनी ठोकून दिलं, ते मला आजही माहीत नाही. ड्रायव्हरने मात्र डंपर मागे घेतला.

रोज उन्हात बसणं त्यांच्या वयाला झेपणारं नव्हतं, म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. सकाळी सिस्टर, दुपारी मास्तर किंवा व्यापारी, संध्याकाळी मी. मला तेव्हा पाचवा महिना होता. सिस्टर नको म्हणत होत्या, मीच हट्ट धरला. एका संध्याकाळी ठेकेदाराचा मुकादम तणतणत आला. "ताई, उठा हितनं. माजं काम आडलंय."

मी आयुष्यात कुणाशी आवाज चढवून बोलले नव्हते. "नाही उठणार," मी म्हणाले, आणि आवाज इतका मोठा निघाला की तो माझाच आहे हे मला पटेना.

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे. मग पडद्यावरच्या पाटीकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आवं, मग हितं काय बसलाय? दवाखान्यात जावा की! थांबा, थांबा, हलू नगा, मी रिक्षा आणतो!" आणि मी काही बोलायच्या आत तो पळत सुटला.

तो रिक्षा घेऊन आला तोवर सिस्टरही येऊन पोचल्या होत्या. खरा प्रकार कळल्यावर रिक्षावाला हसून हसून हँडलवर पडला. मुकादम आधी चिडला, मग त्यालाही हसू आवरेना. सिस्टरांनी त्याला चहा दिला आणि हातात दुर्बीण दिली.

"कुटं हायत अंडी? मला तर निस्ती खडी दिसतीया."

"बघत राहा."

तो बघत राहिला. बराच वेळ. मग एकदम म्हणाला, "आयला! हायत की! चार!" आणि त्याने दुर्बीण खाली घेतलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून डंपर पश्चिमेच्या बाजूने यायला लागले. बारा दिवसांनी पिल्लं बाहेर आली आणि त्याच दिवशी आईमागून चालत लव्हाळीत शिरली. टिटवीच्या पिल्लांना दम नसतो. मग पाऊस लागला, चिखलात डंपर रुतायला लागले आणि काम दिवाळीपर्यंत थांबलं.

त्या मधल्या महिन्यांत व्यापाऱ्यांनी आपल्या ओळखी वापरल्या, मास्तरांनी रेंद्यातल्या पक्ष्यांची चाळीस चित्रं कॉलनीच्या गणपतीत मांडली आणि लोक ती रांगेने बघून गेले. थंडीत साहेब लोक पाहणीला आले, तेव्हा सिस्टरांनी त्यांचीही नखं तपासली. शेवटी ठरलं ते असं: पश्चिमेची अर्धी बाजू बुजवायची, तिथे बाग होईल. पूर्वेची अर्धी बाजू आहे तशी ठेवायची, कडेने दगडी पायवाट करायची. आम्हाला हा पराभव वाटला. मास्तर तर तोंड फिरवून उभे होते.

सिस्टर म्हणाल्या, "जुळ्यातलं एक वाचलं. जे गेलं त्याला गेलं म्हणायचं आणि जे हाय त्याला दूध पाजायचं."

माझ्यासमोर असं बोलायची हिंमत दुसऱ्या कुणी केली नसती. मला ते बोलणं लागलं नाही. उलट कुणीतरी हातात काठी द्यावी तसं वाटलं.

ऑक्टोबरमध्येच माझी मुलगी झाली होती. कळा सुरू झाल्यावर सिस्टर माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या, पण आत काही येईनात. चौतीस वर्षांत हजारो पोरं जगात आणलेली ही बाई बाहेरच्या बाकावर, पदराचं टोक मुठीत आवळून, पाच तास बसून होती. हे नवऱ्याने मला नंतर सांगितलं. बाळ त्यांच्याकडे दिल्यावर त्यांनी त्याची बोटं मोजली, श्वास बघितला आणि लगेच माझ्या सासूबाईंच्या पुढे धरलं.

"घ्या की अजून थोडा वेळ," मी म्हणाले.

त्या कसनुसं हसल्या. "सवय लागलीया गं. जन्मभर लोकांची पोरं हातात घेतली आणि लगीच दुसऱ्याच्या हातात दिली."

सासूबाईंनी हात मागे घेतले. सिस्टर बाळाला घेऊन खिडकीशी गेल्या आणि उन्हं कलेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

मी त्यांचे आभार असे कधी मानले नाहीत. एकदा प्रयत्न केला होता. त्यांनी विचारलं, "ताप हाय काय तुला?"

बाग झाली. कारंजं पहिल्या वर्षीच बंद पडलं, पण हिरवळ चांगली धरली. संध्याकाळी आणि रविवारी तिथे गर्दी व्हायची. आम्ही त्या हिरवळीकडे न बघता थेट पायवाटेने रेंद्यात जायचो. सिस्टर तर त्या बाजूने जाताना पदर तोंडाला लावायच्या.

दोन हजार सात-आठचा हिवाळा असेल. सिस्टर सत्तरी ओलांडून गेल्या होत्या, गुडघे संपले होते, डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं, उजव्याने जवळचं तेवढं दिसायचं. त्यांच्यासाठी राउंड आता नऊला निघायचा. एका रविवारी बागेच्या फाटकातून आत आल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आज मी बसतो हितं. तुमी जाऊन या." हिरवळीवरच्या बाकड्यावर त्या बसल्या. शेजारी भेळवाल्याची गाडी, चेंडू खेळणारी पोरं, मोबाइलवर मोठ्याने बोलणारे कुणी काका. मला त्यांना तिथे सोडून जाववेना.

"जा गं. मला काय खातंय व्हय कोण?"

आम्ही राउंड पुरा केला. मुलगी आठ-नऊ वर्षांची होती, तिने वही लिहिली. तासाभराने परत आलो तेव्हा लांबूनच मला बागेत काहीतरी वेगळं जाणवलं. आवाज येत नव्हता. बाकड्याभोवती माणसांचं कोंडाळं होतं, तीस-चाळीस तरी असतील. मी धावत सुटले.

सिस्टर बाकड्यावर ताठ बसल्या होत्या. चेंडू खेळणारी पोरं त्यांच्या पायाशी मांडी घालून बसली होती. भेळवाला गाडी सोडून आला होता. मोबाइलवाल्या काकांनी मोबाइल खिशात घातला होता. सगळे हिरवळीच्या एकाच जागेकडे बघत होते. तिथे एक धोबी पक्षी, काळापांढरा, मुठीएवढा, शेपटी वरखाली हलवत गवतातले किडे टिपत चालला होता. थंडीत कुठल्या कुठे लांबून येणारा पाहुणा. कोणी हलत नव्हतं. एका पोराने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर शेजारच्यानेच त्याचा हात दाबला.

सिस्टरांना तो पक्षी दिसत असणं शक्य नव्हतं. कुण्या पोराने नाव विचारलं असणार आणि त्यांनी त्याला, तो काय करतोय ते आधी बघ, म्हणून बसवलं असणार. त्यांचा चेहरा पक्ष्याकडे नव्हताच. त्या माणसांकडे बघत होत्या, एकेकाच्या तोंडाकडे, शांतपणे, क्रमाने, राउंडला एकेका खाटेपाशी थांबत जावं तशा.

मी आणि माझी मुलगी गर्दीच्या मागे जाऊन उभ्या राहिलो.